दोन्ही हात टेबलावर

मी एका मोठ्या दुकानात चोर पकडते. धावत जाऊन नाही. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून, भिंतीवरच्या पडद्यांकडे बघत. कॅमेऱ्यांना आवाज नसतो, त्यामुळे लोक काय बोलतात ते मला ऐकू येत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तोंडाचं काय, ते वाट्टेल ते बोलतं. मी हात बघते. एक हात शाम्पूची बाटली उचलून तिच्यावरचा मजकूर वाचत असतो, अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. तेव्हा मी दुसरा हात शोधते. खरं काम तो करत असतो.

या नोकरीनं माझा स्वभाव बिघडला असं नवऱ्याचं मत आहे. माझं म्हणणं, स्वभाव मुळातच असा होता म्हणून तर नोकरी मिळाली. त्यामुळे एका संध्याकाळी ताटल्या पुसता पुसता त्यानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की पोरीचं नाव डायव्हिंगच्या क्लासला घातलंय, तेव्हा माझे कान लगेच टवकारले. हा माणूस ताटल्या उगाच पुसत नाही.

"डायव्हिंग म्हणजे ते पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं?"

"तेच. पण टँकमध्ये गं. समुद्रात नाही."

"नऊ वर्षांची आहे ती."

"आठपासून घेतात."

"घेतील नाही तर काय. त्यांना पोरं हवीच असणार."

"सायकल शिकवली तेव्हा नाही बोललीस एवढं. गुडघे फुटलेच होते की."

"गुडघे दिसतात," मी म्हटलं. "कानाच्या आत काय फुटलं ते कोण बघणार? आणि घाबरून श्वास रोखला आणि तशीच वर आली तर? मोठ्या माणसाला घाबरल्यावर काय करायचं ते सुचत नाही, हिला कुठून सुचणार?"

"तेच तर शिकवतात तिथे."

गुणी टेबलाशी संत्रं सोलत बसली होती. घरात तिला सगळे गुणीच म्हणतात, कारण तिनं कधी हट्ट केला नाही, जमिनीवर लोळण घेतली नाही, ताटात काही टाकलं नाही. नातेवाइकांकडे गेलो की मी हे जरा जास्तच सांगते. तर ती संत्र्याकडे बघत म्हणाली, "आई, जाऊ दे ना." एकदाच म्हणाली. जी पोर कधी काही मागत नाही तिला नाही म्हणणं फार जड जातं, आणि हे तिच्या बापाला पक्कं ठाऊक होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण कान जरा जरी दुखला, तर क्लास त्याच दिवशी बंद. कबूल?"

"हो आई."

शिकवणाऱ्या सरांवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही. माणूस फार गोड बोलायचा. पोरं त्याच्या अंगावर पाणी उडवायची, त्याच्या पायातले रबरी पंख पळवायची, तरी आवाज चढायचा नाही. दुकानात असा माणूस आला की मी खुर्ची पुढे ओढते. पालकांना त्यानं वरच्या बाकांवर बसवलं होतं. तिथून टँकचं पाणी चमकताना दिसायचं, पाण्याखालचं काहीच नाही. बाकीचे पालक मोबाइल बघायचे. मला ही व्यवस्था मुद्दाम केल्यासारखी वाटली.

मग घरी गोष्टी दिसायला लागल्या. जेवताना गुणी मध्येच नाक चिमटीत धरून फुंकर मारायची. ती कानातला दाब काढायची रीत आहे, असं नवऱ्यानं समजावलं. असेल. पण टीव्हीचा आवाजही ती वाढवायला लागली होती. मी डाव्या बाजूनं हाक मारली की पूर्ण वळून बघायची. झोपायची ती कायम एकाच कुशीवर.

"कसा झाला क्लास?"

"मस्त."

"कान?"

"ठीक."

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. सरांनी पोरीला झेपणार नाही एवढं खोल नेलं होतं, कान दुखावला होता आणि घरी सांगू नकोस म्हणून गोड आवाजात बजावलं होतं. नवऱ्याला बोलले तर तो म्हणाला, "तुला प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी दिसतं." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याची मी मनात नोंद केली.

पुढच्या शनिवारी मी नवऱ्याला पिशवीसकट बाकावर सोडलं आणि स्वच्छतागृह शोधायच्या निमित्तानं जिना उतरले. खाली पंपांच्या खोलीकडे जाणारा बोळ होता. क्लोरीनचा वास, ओली फरशी, भिंतीला उलटी लावलेली प्लास्टिकची खुर्ची. आणि भिंतीत काच. जाड, हिरवट, माझ्या पडद्यांपेक्षा मोठी. काचेपलीकडे टँकच्या पोटातला भाग दिसत होता. आवाज नव्हता. मला एकदम कामावर आल्यासारखं वाटलं. मी खुर्ची सरळ करून बसले.

टँक रुंद पायऱ्यांनी तळापर्यंत उतरत गेला होता. सर मधल्या पायरीवर गुडघ्यांवर होते आणि पोरं त्यांच्यासमोर ओळीत. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांचा. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला म्हणजे ठीक. पंजा आडवा धरून डगडग हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग बोटानं दाखवायचं काय ते. हे गुणीनं मला घरी शिकवलं होतं. सर एकेकाला गोल दाखवून विचारत होते. एक जाडा पोरगा सारखा पंजा हलवत होता. कधी पट्टा, कधी पंख, एकदा तर चड्डीच दाखवली. सर प्रत्येक वेळी जाऊन बघत होते.

गुणीनं प्रत्येक वेळी गोल केला. स्वच्छ, नीट, पुस्तकात छापल्यासारखा.

थोड्या वेळानं मदतनीस बाई बाकीच्या पोरांना घेऊन तळाकडे गेल्या. गुणीला सरांनी खांद्याच्या पट्ट्याला धरून मागे ठेवलं. एकटीला. त्यांनी विचारलं, तिनं गोल केला. त्यांनी मान हलवली आणि तिला आणखी वर नेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा गोल. मी उठून काचेला नाक लावलं. सरांचे हात मी बारकाईनं बघत होते. एक पट्ट्यावर, दुसरा विचारायला. दोन्ही समोर, दोन्ही कामाचे. मला काही सापडेना.

तास संपल्यावर मी त्यांना टँकच्या काठावरच गाठलं. पोरं कपडे बदलायला गेली होती.

"माझ्या मुलीला तुम्ही एकटीला का बाजूला ठेवता? आणि तिचा कान कुठे दुखावला?"

ते गडबडले नाहीत. पायातले पंख काढून शेजारी ठेवले. "काचेपाशी होतात ना ताई? दिसलात मला. मी तिला अजून तळाला नेलेलंच नाही."

"का?"

"ती मला एकदाही नाही म्हणालेली नाही म्हणून."

मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय.

"जे मूल पाण्यात मला नाही म्हणू शकत नाही, त्याला मी खोलात नेत नाही," ते म्हणाले. "तो जाडू दर मिनिटाला तक्रार करतो, त्याची मला काळजी नाही. तुमच्या मुलीच्या मास्कमध्ये गेल्या वेळी निम्मं पाणी भरलं होतं. मी विचारलं, तिनं गोल केला. तुम्हाला माझा संशय येतोय, कळतंय मला. मला तिचा येतो."

"आणि कान?"

"सुरुवातीला एकदा मधल्या पायरीवर तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी लगेच वर आणलं. ती म्हणाली काही नाही. सर्दी होती का बघा, डॉक्टरांना दाखवा, असं मी त्याच दिवशी तिच्या बाबांना सांगितलं. दाखवलं, सगळं ठीक आहे, असं ते म्हणाले."

मी वर बघितलं. नवरा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि आमच्याकडे अजिबात बघत नव्हता.

मी तिथूनच त्याला विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवणारच होतो," तो म्हणाला. मग खाली काठाशी येऊन हळू आवाजात, "तू बंद केलं असतंस गं. ती पहिल्यांदा कशात तरी रमली होती."

मला इतका राग आला की त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. मी दिवसभर परक्या माणसांच्या खिशात काय आहे ते सांगते आणि माझ्या घरातली दोन माणसं माझ्यापासून एक कान लपवत होती. लपवत होती, कारण तो सापडला तर मी काय करेन ते मीच आधी सांगून ठेवलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत गुणी बाकावर बसली होती. बाकीच्या पोरी गेल्या होत्या. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"कसा झाला?"

"मस्त."

"कान?"

"ठीक." आणि तिनं उजव्या हातानं तो सुंदर गोल करून दाखवला, वर हसलीसुद्धा.

मी डावा हात शोधला. तो टॉवेलखाली होता. टॉवेलचं टोक त्यात इतकं घट्ट आवळलेलं की पाणी गळत होतं. हा हात मी ओळखत होते. जेवणाच्या टेबलाखाली, गाडीत मागच्या सीटवर, नातेवाइकांसमोर मी तिचं कौतुक करत असताना तो असाच आवळलेला असायचा. मी बघितला होता, पण शोधला कधी नव्हता. तिच्याबाबतीत मला तोंडावर विश्वास ठेवायला बरं वाटायचं.

दुकानात कोणी सापडलं की आम्ही त्याला आतल्या खोलीत बसवतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: दोन्ही हात टेबलावर. मी तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसले आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "बोलू नकोस. दोन्ही हात इथे बाकावर ठेव. आता हातानं सांग."

तिनं टॉवेल सोडला. हात ठेवले. नखांचे ठसे तळव्यावर उमटलेले दिसत होते. मग डावा पंजा उचलला गेला, आडवा झाला, डगडगला. बोट कानाकडे गेलं. आणि ती रडायला लागली, आवाज न करता, जशी ती सगळंच करते.

"आता बंद ना?" ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस."

"आज डॉक्टर. कान बरा होईपर्यंत पाण्यात पाय नाही."

"आणि मग?"

नऊ वर्षांच्या पोरानं पाण्याखाली जावं की नाही, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. जी पोर वर, हवेत, सख्ख्या आईला दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, ती खाली काय सांगणार? मला मनापासून नको होतं. म्हणून मी ते लपवलं नाही.

"सोडून देऊया का गं हे?" मी म्हटलं. "खरं सांगते, मला फार बरं वाटेल."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला काय हवंय ते तिला तिथून नेहमी कळतं, आणि ती ते नेहमी देते.

"नाही," ती म्हणाली.

सवयच ती, मी आधी तिचा डावा हात बघितला. तो बाकावरच होता, उजव्याच्या शेजारी, आणि बोटं मोकळी होती.