कच्चा पत्ता

भिंगरी हे नाव घरच्यांनी तिला उगाच ठेवलं नव्हतं. लहानपणापासून एका जागी टिकेल तर शपथ. त्या दिवशी मात्र ऑफिसात ती खुर्चीला चिकटून काम उपसत होती, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"तुझा स्क्रीन खोटं बोलतोय," ताई म्हणाली. कशी आहेस नाही, काही नाही.

ताई नवजात बाळांच्या वॉर्डची मुख्य नर्स. काचेच्या पेटीतल्या प्रत्येक बाळाच्या पोटावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असे. ती अंगाचं तापमान बिनतारी पाठवायची आणि नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर आकडा उमटायचा. त्या पट्ट्यांचा प्रोग्राम भिंगरीनं लिहिला होता.

"स्क्रीन म्हणतो, सहा नंबर गार पडतोय. पोरींनी त्याची पेटी गरम केली. मी हात घातला तर पोरगं नुसतं भाजतंय. आणि चार नंबर, जी स्क्रीनवर तापलेली दिसतेय, तिचे पाय बर्फ!"

भिंगरी खुर्चीतून उठली. "आता कशी आहेत दोघं?"

"सांभाळलंय. सगळ्याजणी थर्मामीटर घेऊन फिरतोय. पण तू ये."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. "पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल. आपल्याकडे नीट चालतंय ना?"

चालत होतं, हीच पंचाईत होती. तिनं टेबलावरच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्या, उलटसुलट ठेवल्या. काही म्हणता काही बिघडेना. बिघडलं असतं तर जीव भांड्यात पडला असता. शेवटी लॅपटॉप बगलेत मारून ती टॅक्सीत बसली आणि वाटभर दाराचं हँडल उगाच चाचपत राहिली.

वॉर्डच्या दारात तिनं कोपरापर्यंत हात धुतले, वरून गाउन चढवला. चार नंबरच्या पेटीपाशी स्टुलावर बाळाची आई बसली होती. पेटीच्या खिडकीतून आत घातलेला हात तिनं मुलीच्या डोक्यावर ठेवला होता. भिंगरीनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"इथे काय बदललं?" तिनं ताईला विचारलं.

"मागच्या आठवड्यात तुमचा माणूस येऊन पट्ट्यांचे आकडे पकडणारा नवा रिसीव्हर लावून गेला. आणि आज सकाळी वीज जाऊन लगेच आली. बस्स."

"चार नंबरची पट्टी जरा काढतेस? हवेत धर."

ताईनं पट्टी अलगद सोडवली आणि उंच धरली. दोघी स्क्रीनकडे बघत राहिल्या. चारचा आकडा जागचा हलला नाही. सहाचा मात्र भराभर खाली यायला लागला.

"अगं बाई," ताई पुटपुटली.

कोपऱ्यातल्या औषधांच्या खोलीत भिंगरी लॅपटॉप उघडून उभ्यानंच कामाला लागली. खुर्ची होती, पण बसवेना. प्रत्येक पट्टीला दोन पत्ते असतात. एक कारखान्यात कोरलेला, लांबलचक, जन्मभराचा. दुसरा आखूड आणि कच्चा, रांगेत मिळणाऱ्या टोकनसारखा, रिसीव्हरनं वाटलेला. पट्टीची बॅटरी नखाएवढी. दर वेळी लांब पत्ता सांगत बसली तर ती लवकर मान टाकेल, म्हणून पट्टी आखूड पत्त्यावर भागवते. त्यात वावगं काही नाही. प्रोग्रामनं फक्त आधी रिसीव्हरला विचारायचं असतं, हा पत्ता कुठल्या प्रकारचा? कच्चा असेल तर त्यामागचा पक्का शोधून घ्यायचा.

प्रोग्राम विचारत होताच. जुना रिसीव्हर सरळ उत्तर द्यायचा. नव्याच्या उत्तराची धाटणी वेगळी होती, ती प्रोग्रामला उमगत नव्हती. आणि उमगलं नाही तर काय करायचं, ते भिंगरीनंच लिहून ठेवलं होतं: पक्का धरून चाल. सकाळी वीज गेली, टोकनं नव्यानं वाटली गेली, चारचं सहाकडे गेलं आणि सहाचं चारकडे. प्रोग्रामला त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं साहेबांना फोन लावला. "हा रिसीव्हर आणखी कुठे कुठे बसवलाय?"

"बऱ्याच ठिकाणी. का?"

"तिथेही आकडे उलटे असू शकतात. पत्त्याचा प्रकार कळला नाही तर आकडा दाखवायचाच नाही, असा बदल करतेय. सगळीकडे."

"वेडी आहेस का? स्क्रीन कोरे पडतील! लोक काय म्हणतील? आधी नीट दुरुस्त कर, मग गाजावाजा न करता बदलू."

"सर, कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थोडंच राहतंय? दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर कुणीतरी भलत्याच बाळाची पेटी तापवेल."

तिनं बदल पाठवून दिला. बाहेर स्क्रीनवरचे आकडे एकेक करून विझले. साहेबांचे फोन सुरू झाले, मग अनोळखी नंबरांचे. प्रत्येकाला ती एकच सांगत राहिली, थर्मामीटर लावा, आत्ता लावा. एका इस्पितळातून थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. त्यांच्याकडेही दोन बाळांचे आकडे उलटे निघाले होते. त्यानंतर साहेबांचा फोन आला नाही.

ती बाहेर आली. ताई चार नंबरपाशी थर्मामीटर वाचत होती. "साडेछत्तीस. येतेय वर. सहाही उतरलाय."

"सकाळपासून काय चाललंय?" बाळाच्या आईनं विचारलं. "मला कुणी नीट सांगेल का?"

ताईनं सरळ सांगितलं. यंत्रावर दोन बाळांच्या आकड्यांची अदलाबदल झाली, आम्ही विसंबून राहिलो, तुमची मुलगी गारठली, आता ती सावरतेय. भिंगरीचे पाय दाराकडे ओढ घेत होते.

"तो प्रोग्राम माझा आहे," ती म्हणाली. "चूक माझी झाली."

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रागावली नाही, रडलीही नाही. शेजारचं रिकामं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"मग बसा इथे. मला दोन घास खाऊन यायचंय. तोवर हिच्यावरची नजर हलवायची नाही."

भिंगरी बसली. ताईनं तिच्या हातात थर्मामीटर दिला आणि कसा लावायचा ते दाखवलं. पेटीतल्या मुलीनं मूठ उघडली, मिटली, जांभई दिली. भिंगरीच्या खिशात फोन थरथरत होता, तो तिनं बंद केला.