ताईंचा स्वतःचा इको

दर वर्षी वाढदिवसाच्या सकाळी ताई कामावर जरा लवकर जायच्या, इकोच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायच्या आणि स्वतःच्या हृदयाची तपासणी स्वतःच उरकायच्या. बिछान्यावर कलत्या बसायच्या, छातीवर जेलचा गार गोळा दाबायच्या, उजव्या हातात प्रोब आणि डावा हात बटणांवर. मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं की झालं. हृदयाचा डावा कप्पा मिटतोय, उघडतोय. पंपिंग साठ टक्के. मग जेल पुसून त्या मनातल्या मनात शेरा द्यायच्या, उत्तम, आणि बाहेर येऊन पहिल्या पेशंटला आत बोलवायच्या.

या उद्योगाला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी ताईंना कॅन्सरची गाठ निघाली होती. केमो झाली, केस गेले, केस आले, गाठ कायमची गेली. पण तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की ही औषधं हृदयाच्या स्नायूला पुढेमागे जड जाऊ शकतात, दर वर्षी इको करत जा. ताईंना हसू आलं होतं. इको करत जा! इतकी वर्षं दुसरं काय करत होत्या त्या? अख्ख्या हॉस्पिटलची हृदयं त्यांच्या हाताखालून गेली होती. मोठे डॉक्टर, म्हणजे हृदयविभागाचे प्रमुख, शिकाऊ असताना ताईंच्याच खुर्चीमागे उभे राहून हलती चित्रं वाचायला शिकले होते. मग ताईंचा इको करणार कोण? धाकटी?

धाकटी म्हणजे ताईंची मदतनीस. बारा वर्षांपूर्वी खात्यात लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून हे नाव पडलं. आता तिची मुलगी कॉलेजात जायला लागली, तरी ती आपली धाकटीच. काम चोख करायची, पण ताईंनी एकदा "हिचा हात जड आहे" असं म्हटलं होतं आणि ताईंचं म्हणणं म्हणजे दगडावरची रेघ. बाकी सगळ्यांना तिच्या हाताखाली झोपवायला ताई तयार असत, स्वतः सोडून.

यंदा एक गोष्ट मात्र ताईंनी कुणाला सांगितली नव्हती. जिना चढताना मधल्या वळणावर त्यांना थांबावं लागे. तिथे एक सूचनाफलक होता. ताई तो मन लावून वाचत. त्यावरची सूचना वर्षभरापूर्वीची, लिफ्टच्या दुरुस्तीची होती आणि लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. वय झालं, वजन वाढलं, असं ताईंनी स्वतःला पटवलं होतं. इको तर उत्तम होता ना!

अशात एक दिवस नवं यंत्र दाखवायला कंपनीच्या एक बाई आल्या. चांगल्या पोक्त, पण बोलण्याचा झपाटा असा की समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळू नये. मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, "ताई हो म्हणाल्या तर घेऊ, नाहीतर नाही." ताई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

यंत्रवाल्या बाई सांगू लागल्या, "पंपिंग म्हणजे एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडलं तो आकडा. पण त्यासाठी स्नायूचा कुठला भाग किती राबला, ते त्यात कळत नाही. घरात जेवण वेळेवर ताटात पडतं म्हणून घरातलं कुणी दमलेलं नाही असं असतं का? बाकीचे ओढून नेतात. हे यंत्र स्नायूतले बारीक ठिपके धरतं आणि प्रत्येक भाग किती आखडतो ते मोजतं. पंपिंग घसरायच्या कितीतरी आधी इथे कळतं." स्क्रीनवर त्यांनी एक गोल चक्ती दाखवली, सतरा तुकड्यांची. स्नायू जोमात असेल तर गडद लाल, दमलेला असेल तर फिकट गुलाबी. "अठरा किंवा त्याच्या वर आकडा आला की निर्धास्त. आणि प्रोब कुठे वळवायचा ते यंत्रच बाणांनी सांगतं."

हे शेवटचं वाक्य ताईंच्या नाकाला मिरचीसारखं झोंबलं. वीस वर्षं हाताला जे वळण लावलं ते आता बाण शिकवणार!

"तपासायला कुणीतरी झोपायला हवं," बाई म्हणाल्या.

"मी झोपते," ताई म्हणाल्या. "या हृदयाचा आकडा मला तोंडपाठ आहे. बघू तरी तुमचं यंत्र काय दिवे लावतं ते."

"मग प्रोब यांना धरू द्या," असं म्हणून बाईंनी तो धाकटीच्या हातात दिला. ताई काही म्हणणार होत्या, पण मोठे डॉक्टर बघत होते. त्या डाव्या कुशीवर वळल्या. आपल्या छातीवर दुसऱ्या कुणाचा हात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलाय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "थोडं खाली. अगं खाली म्हणजे बाहेरच्या बाजूला," त्यांचं चालूच होतं. धाकटी निमूटपणे बाणांकडे बघत होती.

पंपिंग आलं पंचावन्न. "बघा, मी साठ म्हणते. पण चालतं तेवढं इकडेतिकडे," ताईंनी उदार मनाने माफ केलं.

मग चक्ती आली. फिकट गुलाबी, सगळीकडून. खाली आकडा, चौदा.

यंत्रवाल्या बाईंचा झपाटा पहिल्यांदाच अडखळला. "कधी कधी ठिपके नीट धरले जात नाहीत. श्वास रोखा हं. पुन्हा घेऊ." पुन्हा घेतलं. चौदा. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः प्रोब धरला. चौदाच.

"नापास!" ताई उठून बसल्या आणि खुशीत जेल पुसू लागल्या. "सोळा आणे नापास! निरोगी माणसाला आजारी ठरवणारं यंत्र काय कामाचं? धाकटे, झोप तू. मी धरते प्रोब. दाखवते यांना, यांचं यंत्र कसं सगळ्यांनाच चौदा वाटतं ते."

धाकटी झोपली. ताईंनी प्रोब टेकवला, बाणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चक्ती आली ती गडद लाल. एकवीस.

"आता तुम्ही, डॉक्टर."

मोठे डॉक्टर शर्टाची बटणं काढत बिछान्यावर चढले. खात्याच्या प्रमुखांना असं हुकमावर झोपवणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. चक्ती लाल. एकोणीस.

ताईंनी प्रोब हळूच खाचेत ठेवला. यंत्र तेच होतं. दोन्ही वेळा हातही त्यांचाच होता. खोलीत सगळे एकदम भिंतीकडे, जमिनीकडे, वायरींकडे बघायला लागले.

डॉक्टर बटणं लावत हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, नवीन वस्तू आहे. चुकतही असेल. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता परत पाठवतो."

ते ताईंवरच्या मायेपोटीच बोलत होते. एक शब्द उच्चारला असता तर चक्तीही गेली असती आणि चौदाही गेला असता. ताईंच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सांगते."

ताईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. संध्याकाळी ताई घरी न जाता थेट तिथे गेल्या आणि डोळे तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसल्या. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली.

या तक्त्यावरून घरात एक किस्सा कायम रंगायचा. नवरोबा कितीतरी वर्षं स्वतःचे डोळे स्वतःच तपासत आणि दर वेळी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून पहिल्या नंबराने पास होत. एकदा बाजारात ताईंसारखीच हिरवी साडी नेसलेल्या एका बाईंच्या हातातली पिशवी "दे इकडे" म्हणून घेतली आणि गप्पा मारत त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. दार त्या बाईंच्या नवऱ्याने उघडलं तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या दिवशी ताई त्यांना ओढतच दुसऱ्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेल्या होत्या. "अहो, तक्ता पाठ आहे तुम्हाला! तुम्ही वाचत नाही, म्हणून दाखवता!" असं म्हणून हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता त्यांनी सगळं सांगितलं. चौदा, एकवीस, एकोणीस. जिन्यातल्या फलकाचंही सांगितलं. नवरा काच पुसत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "तुझा इको आजवर कोण करत आलंय?"

ताई तक्त्याकडे बघत राहिल्या. "मीच," त्या म्हणाल्या.

एरवी या माणसाने अशी संधी सोडली नसती. वर्षानुवर्षं हिरव्या साडीवरून जे ऐकून घेतलं होतं त्याचं सव्याज उट्टं काढलं असतं. पण तो हसला नाही. चष्मा काढून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मला भीती वाटते गं. केमोच्या वेळी वाटली होती तशी."

"मलाही," ताई म्हणाल्या. नऊ वर्षांत ही कबुली त्यांनी पहिल्यांदाच दिली होती आणि दिल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. "पण आधी कळलंय ना! उशीर झाला असता तर भ्यायचं. आता काय, कामाला लागायचं."

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार ठोठावायची त्यांना सवय नव्हतीच. "यंत्र ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे ते. आणि माझा केसपेपर काढा. जिना चढताना मला धाप लागते. तीन महिने झाले."

"तीन महिने? आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"रागवा," ताई म्हणाल्या. "आज तुमचा दिवस आहे."

डॉक्टर रागावले नाहीत, फोनला लागले. त्याच आठवड्यात हृदयाचा एमआरआय झाला. त्या बोगद्यात पडून ठणठणाट ऐकत ताईंनी श्वास सोडला, रोखला, घेतला, आणि वीस वर्षं आपण लोकांना हे किती सहज सांगत आलो याचं त्यांना नवल वाटलं. डॉक्टरांनी चित्रं समोर ठेवून समजावलं. स्नायूत वण कुठेच नव्हते. स्नायू मेलेला नव्हता, दमलेला होता, आणि दमलेल्याला उठवता येतं. दोन गोळ्या सुरू झाल्या, रोजचं चालणं सुरू झालं. पंपिंग कोसळेपर्यंत थांबलो असतो तर याच गोळ्यांना बळ कमी पडलं असतं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ताईंनी मान डोलावली. ऐकून घेणं त्यांना जमत नसे, पण शिकत होत्या.

बसून राहणं मात्र जमलं नाही. पलीकडच्या इमारतीत केमो घेऊन गेलेल्या बायकांना त्यांनी एकेकीला फोन लावले. "पंपिंग चांगलं आहे म्हणून मी तुम्हाला घरी पाठवलं होतं. आता नवं यंत्र आलंय, एकदा येऊन जा. घाबरू नका, मी स्वतः त्याच्यावर झोपून बघितलंय." बहुतेकींच्या चक्त्या लाल निघाल्या. दोघींच्या निघाल्या नाहीत आणि त्या दोघींच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या.

वाढदिवस आला. ताई लवकर आल्या, पण दार लावलं नाही. बिछान्यावर डाव्या कुशीवर वळल्या आणि हाक मारली, "धाकटे!"

धाकटी आली. सगळ्यात आधी तिने स्क्रीन फिरवली, ताईंना दिसणार नाही अशी.

"अगं, मला बघू दे की!"

"पेशंटला दाखवत नाहीत, ताई. तुम्हीच शिकवलंय."

ताईंसमोर फक्त कोरी भिंत उरली. वाचायला काही नाही, पाठ म्हणून दाखवायला काही नाही. बाहेर बाकावर नवरा बसला होता, त्याचं खाकरणं ऐकू येत होतं. जेल गार लागलं. मग प्रोब टेकला, सरकला, बरगड्यांमधल्या फटीत बरोबर जाऊन थांबला. ताई वाट बघत होत्या कुठे दाबतोय, कुठे टोचतोय याची. कुठेच नाही.

"तुझा हात हलका आहे गं," त्या चकित होऊन म्हणाल्या.

"बारा वर्षांपासून आहे," धाकटी म्हणाली. "आता बोलू नका. श्वास सोडा. थांबा."

ताई थांबल्या. बटणं टकटकली. धाकटी काहीच बोलेना आणि ताई कोऱ्या भिंतीवर आकडा शोधू लागल्या. सांगणाऱ्याच्या गप्प बसण्याने पेशंटचं काय होतं तेही त्या आजच शिकत होत्या. "किती?" त्यांनी विचारलं. "सांग ना, जीव नको घेऊस."

धाकटीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चक्ती लाल झाली होती. काठाशी अजून थोडा फिकेपणा होता, पण लाल. अठरा.

ताई रडल्या, मोकळेपणाने, नवऱ्याला बाहेर ऐकू जाईल इतक्या. मग जेल पुसत उठून बसल्या.

"रिपोर्ट लिही," त्या म्हणाल्या. "आणि खाली सही तुझी कर."