आधी धाकटीचा, मग थोरलीचा

मित्रांनो, मेजवानीला घालायचा एक जुना मखमली फ्रॉक तुमच्याशी बोलतो आहे. घरोघरी कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे जातात. माझे उलटे झाले. मी आधी धाकटीचा होतो आणि मग थोरलीकडे गेलो. आता माझी मखमल टक्कल पडावे तशी जागोजागी विरली आहे, काखेत कसरीने भोके पाडली आहेत. पण माझ्याकडे बघून नाक मुरडण्याआधी माझी हकिगत ऐकून घ्या.

इंग्लंडच्या उत्तर भागात समुद्रकाठी स्केलबी नावाचे बंदर आहे. तिथे धक्क्यावरून वर चढणाऱ्या गल्लीत गारसाइड यांची बेकरी होती. पहिले महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. गारसाइडना दोन मुली. थोरली लेटी आणि तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी हेस्टर. लेटी नाजूक, गोरी, शांत. हेस्टर हाडापेराने मोठी, पायात भिंगरी असलेली, आणि फटकन बोलणारी.

या हेस्टरला जन्मापासून एकही नवा कपडा मिळालेला नव्हता. दुपट्यापासून बुटांपर्यंत सगळे लेटीचे. लेटी कपडे जपून वापरायची, त्यामुळे ते लवकर फाटायचेही नाहीत. दरवर्षी नाताळ झाला की पॉम्फ्रेटबाईंच्या मोठ्या घरी गावातल्या मुलांना मेजवानी असे. त्या एका दिवसासाठी गल्लीतल्या सगळ्या आया महिनाभर सुईदोरा घेऊन बसत. हेस्टर मात्र लेटीचा गेल्या वर्षीचा फ्रॉक घालून जायची. वाटेत मासळीवाल्या ट्रँटरबाई हटकून थांबवायच्या आणि म्हणायच्या, "अगं, हा तर लेटीचा! कोपराचं ठिगळ बघूनच ओळखला मी." त्यांच्या मनात वाईट काही नसायचे. पण हेस्टरचे कान लाल व्हायचे आणि पुढची सगळी वाट ती लेटीशी एक शब्द बोलायची नाही. लेटी बिचारी आपला काय गुन्हा झाला म्हणून मागून चालत राहायची.

मग एका उन्हाळ्यात लेटी आजारी पडली. कमरेच्या हाडाचे दुखणे. डॉक्टरांनी तिला महिनोन्महिने पाठीवर निजवून ठेवले. त्या वर्षी तिच्यासाठी कुठलाच फ्रॉक शिवला गेला नाही, म्हणजे हेस्टरकडे यायलाही काही उरले नाही. आधीचे फ्रॉक हेस्टरच्या पाठीवर मिटेनात. तेव्हा आईने बाजारातून डाळिंबी रंगाच्या मखमलीचा तुकडा आणला. तो मी.

मला तो दिवस चांगला आठवतो. आईने हेस्टरला खिडकीपाशी उभे केले आणि तिच्या खांद्यापासून मापाची फीत धरली. एरवी क्षणभर एका जागी न टिकणारी ती पोर पुतळ्यासारखी उभी राहिली.

"आई, हे माझं माप घेतेयस?" तिने विचारले.

"मग काय शेजारणीचं? हात खाली कर."

कापड तोकडे होते. वाढत्या अंगाच्या मुलीसाठी शिवताना शिवणीत आणि खालच्या दुमडीत जास्तीचे कापड आत ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात, हे तुम्ही घरी ऐकले असेल. माझ्यात आईला माया ठेवता आली नाही. पण त्या वेळी त्याचे कुणाला काही वाटले नाही. लेटीने पडल्यापडल्या माझ्या गळ्याला लेस लावून दिली. तिचे टाके इतके बारीक होते की आईसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत बसली.

ती पहिली मेजवानी माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. ट्रँटरबाईंनी हेस्टरला थांबवले, वरून खालपर्यंत पाहिले, आणि त्यांना ओळखता येईना. "कुणाचा गं हा?" त्यांनी विचारले. हेस्टर म्हणाली, "माझा." एवढेच. पण हे सांगताना तिची छाती अशी फुगली की माझी पाठीवरची बटणे ताणली गेली. मेजवानीत ती प्रत्येक खेळात धावली, आल्याचा केक खाल्ला, आणि घरी आल्यावर माझ्यावर सांडलेला जेलीचा डाग स्वतः ओल्या फडक्याने पुसला. त्या संध्याकाळी तिने लेटीला मेजवानीतले सगळे काही सांगितले, कोण पडले, कोण रडले, कुणी दोनदा पुडिंग घेतले. कित्येक महिन्यांत त्या दोघी इतक्या हसल्या नव्हत्या. नवा कपडा अंगावर आला की माणूस उदार होतो, हे मी तेव्हा पाहिले.

पुढच्या वर्षी लेटी उठली. कुबडी घेऊन, मग कुबडीशिवाय, थोडी लंगडत चालू लागली. पण त्या आजाराने तिची वाढ खुंटली होती. हेस्टर मात्र ताडमाड झाली. नाताळ आला तेव्हा आईने मला पेटीतून काढले आणि हेस्टरच्या डोक्यातून घातले. मी तिच्या खांद्यांवरच अडकलो. माया असती तर सोडली असती. नव्हतीच. आईने मला काढले, झटकले, आणि घरात कपड्यांचे जे रीतसर चालते तेच केले. जो कपडा एकीला होत नाही तो दुसरीला. तिने मला लेटीच्या अंगाला लावून पाहिले. मी तिला बेतून शिवल्यासारखा बसलो.

त्या रात्री निजायच्या खोलीत दोघींचे भांडण झाले.

"तो माझा आहे," हेस्टर म्हणाली. "तू मला तुझे कपडे दिलेस ते तुला नकोसे झाले म्हणून. मला हा हवा आहे. नाही झाला तरी हवा आहे."

"तुला काय वाटतं, मला हौस आहे?" लेटी म्हणाली. तिचा आवाज चढत नसे, उलट बारीक होत असे. "थोरली असून तुझं उतरलेलं घालायचं, आणि सगळ्या गावाने बघायचं. तूच सांग आईला. मी घरी राहते."

हेस्टरला हे पटायला हवे होते. पण मित्रांनो, दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख दिसले तरी ते आपल्याहून लहानच दिसते. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मेजवानीला दोघी गेल्या. हेस्टरसाठी आईने वडिलांचा जुना कोट उसवून तपकिरी फ्रॉक शिवला होता. तो नवा होता असे म्हणायचे तर म्हणा. त्याला भट्टीच्या धुराचा वास येत होता आणि एका जागी खिशाची खूण राहिली होती. आणि लेटीच्या अंगावर मी. आजारातून उठल्यावर तिचे ते पहिलेच बाहेर पडणे. आधी ती भिंतीशी खुर्चीवर बसून राहिली. मग पॉम्फ्रेटबाई स्वतः तिच्याकडे आल्या, तिला हाताला धरून मध्ये घेऊन गेल्या. पियानो वाजत होता. लेटी लंगडत का होईना, गोल फिरली. तिचा श्वास जोरात चालला होता, पण तो भीतीचा नव्हता, हे मला आतून कळत होते. तिच्याभोवती मुली जमल्या. कुणी माझी मखमल उलटी सुलटी कुरवाळून पाहिली. कुणी म्हणाली, डाळिंबी रंग लेटीला किती खुलतो.

हेस्टर टेबलापाशी उभी होती. तिला वर्षापूर्वीचा आपला दिवस दिसत असणार. ती पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली, "तो माझा उतरलेला आहे. मला लहान झाला. लेटीला बरोबर होतो, कारण ती वाढतच नाही."

पियानो चालूच होता. पण मुलींचे हात माझ्यावरून निघाले. एक मुलगी हसली, मग दुसरी.  लेटी सावकाश चालत बाहेरच्या खोलीत गेली, जिथे सगळ्यांचे कोट टांगले होते, आणि तिथल्या बाकावर मेजवानी संपेपर्यंत बसून राहिली. ती रडली असती तर बरे झाले असते. तिने फक्त माझा घेर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. त्या मुठींच्या सुरकुत्या पुढे कितीही इस्त्री केली तरी माझ्या मखमलीतून पुरत्या गेल्या नाहीत.

घरी येईपर्यंत आईच्या कानावर सगळे गेले होते. ट्रँटरबाईंची पुतणी तिथेच होती. आई भट्टीपाशी कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"तू जे बोललीस ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती," ती हेस्टरला म्हणाली. "दाराच्या चौकटीवर दोघींच्या उंचीच्या खुणा आहेत. ती रोज बघते."

"मलाही सगळे तसंच म्हणायचे. तेव्हा कुणी काही बोललं नाही," हेस्टर म्हणाली.

 आई मळत राहिली. मला वाटते, तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की एका मुलीला काटकसरीत वाढवताना आपण तिच्या मनातही काहीतरी तोकडे ठेवून दिले.

लेटीने मला घडी करून हेस्टरच्या उशाशी ठेवले. हेस्टरने मला उचलून परत लेटीच्या पलंगावर ठेवले. असे तीन-चारदा झाले. शेवटी आईने मला पेटीत टाकले.

थंडी सरता सरता लेटीचे दुखणे उलटले. या वेळी डॉक्टरांनी घरी ठेवायला नकार दिला. दूर दक्षिणेला समुद्रकाठी मुलांचे रुग्णालय होते, तिथे पोरांना उघड्या हवेत पलंगावर ठेवत. किती महिने ते कुणी सांगेना. आईने ठरवले की लेटीला एक नवा फ्रॉक द्यायचा, बरी होऊन परत येताना घालायला. निळे लोकरी कापड आणले. पण लेटीला उभे करून माप घेणे शक्य नव्हते. तिला हलवले तरी कळ यायची. मग आईने मला पेटीतून काढले, टेबलावर निळ्या कापडावर पसरले आणि माझ्याभोवती खडूची रेघ ओढली. तिचे माप माझ्याजवळच होते ना.

हेस्टर दारात उभी राहून बघत होती. आईने कात्री उचलली तशी ती पुढे आली आणि म्हणाली, "आई, थांब. माया ठेव. भरपूर ठेव."

"कापड आहे, ठेवते. किती ठेवू?"

"चार बोटं. नाही, पाच. ती वाढेल."

पलीकडच्या पलंगावर लेटी जागी होती. हेस्टरने तिच्याकडे पाहिले नाही, पण ती कुणासाठी बोलत होती ते त्या घरात सगळ्यांना कळले. तिकडून लेटीचा बारीक आवाज आला, "पाच बोटं? मग मला बरंच मनावर घ्यावं लागेल."

"घे की. तुला तिथे दुसरं काय काम आहे?" हेस्टर म्हणाली, आणि पळत बाहेर गेली.

त्या निळ्या फ्रॉकची खालची दुमड हेस्टरने स्वतः शिवली. तिचे टाके लांब आणि वाकडे होते. लेटीने ते पाहिले, बोट फिरवले आणि उसवायला सांगितले नाही. जाताना तो फ्रॉक तिच्या पेटीत सर्वांत वर होता.

पत्रे येत. आज पलंग बाहेर ठेवला, आज समुद्र दिसला, शेजारच्या मुलीला शिंकांचा सपाटा लागतो. हेस्टर प्रत्येक पत्रात एकच विचारी, फ्रॉक घालून पाहिलास का. लेटी लिही, अजून नाही, उठेन तेव्हा.

ती उठली नाही. पुढच्या शरद ऋतूत रुग्णालयातून तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे पार्सल आले. आईने ते उघडले नाही, हेस्टरने उघडले. निळा फ्रॉक होता तसा घडी घातलेला, एकदाही अंगाला न लागलेला. हेस्टरने तो उलटा केला. तिने ठेवलेली माया तिच्या वाकड्या टाक्यांत तशीच दुमडलेली होती. ती टेबलाखाली जाऊन बसली, एवढी मोठी मुलगी, आणि वडिलांनी हाक मारली तरी बाहेर आली नाही.

वर्षे गेली. पुढे बेकरी हेस्टरच चालवू लागली. तिने लग्न केले नाही. निळा फ्रॉक तिने पुष्कळ दिवस ठेवला, मग एका हिवाळ्यात पाव न्यायला येणाऱ्या एका मुलीचे अंग थंडीने निळे पडलेले पाहिले आणि तिला देऊन टाकला. देताना ती म्हणाली, "हा तुझा. कुणी विचारलं तर 'माझा' म्हणून सांग." तो फ्रॉक गल्लीतून धावत गेला, चिखलात पडला, धुतला गेला, उन्हात वाळला. मला त्याचा हेवा वाटला.

कारण मला तिने कुणाला दिले नाही. मला द्यायचे तर हा कुणाचा हे आधी ठरवायला हवे होते, आणि ते तिला कधीच ठरवता आले नाही. ती अधूनमधून पेटी उघडते, मला बाहेर काढते, घेरावरच्या त्या सुरकुत्यांवर पीठ लागलेले तळहात फिरवते आणि परत ठेवते. कसर माझ्या काखेतून शिरली तेव्हा तिला दिसलेही नाही. तिची नजर आता अधू झाली आहे.

मित्रांनो, मला फाटण्याचे दुःख नाही. कपड्याने फाटावे, ठिगळ लावून घ्यावे, या अंगावरून त्या अंगावर जावे. पण तुम्ही एखादा कपडा कुणाला द्याल तेव्हा तो पुरता देऊन टाका, त्याच्या गळ्यात आपले नाव बांधून देऊ नका. आणि कुणाच्या अंगावर तुमचा जुना कपडा दिसला, तर तो त्याला किती शोभतो तेवढेच सांगा. मी दोन बहिणींच्या अंगावर वावरलो. भांडताना मला 'माझा' म्हटले गेले, आणि रागावून 'तुझा' म्हणून परतही केले गेले. त्या घरात मला 'आपला' असे मात्र कुणीही, एकदाही म्हटले नाही.