उरलेल्या सहा ओळी

आगातीनाचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. उद्या लेकीचं लग्न, आणि आज तिन्हीसांजेला जावई खिडकीखाली उभा राहून सुनीत म्हणणार! सिसिलीतल्या त्या गल्लीची रीतच तशी होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाने गल्लीचं ते जुनं चौदा ओळींचं सुनीत म्हणायचं आणि मुलीला पटलं तर तिने बाल्कनीतला दिवा लावायचा. दिवा नाही तर लग्न नाही. पण दिवा लागला नाही असं आजवर घडलं नव्हतं.

"मेलं ते सुनीत!" बदामाच्या बिस्किटांचं ताट खिडकीत आपटत ती म्हणाली. "इतकी शतकं झाली, तरी पोरींनी ऐकलं की विरघळल्याच."

"गोड आहे गं ते, आई," नुंझिया म्हणाली.

"तुझ्या बापानेही गोडच म्हटलं होतं."

बाप लग्नानंतर जर्मनीला कामाला गेला तो गेलाच. आता हा गास्पारेही लग्न उरकून मिलानला निघाला होता. नुंझियाने मात्र औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून त्याच्या आईची उस्तवार करायची. मला कधी नेशील, असं तिने विचारलं की तो म्हणे, "बघू." त्या 'बघू'ने आगातीनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गास्पारे वाद्यं घेतलेल्या मित्रांना घेऊन आला. मोबाइल समोर धरून त्याने सुरुवात केली. मेल्याचा आवाज चांगला होता, याचाच तिला जास्त संताप आला. तुझे डोळे, तुझी मान, तुझ्या चालण्याने उजळलेली गल्ली... नुंझियाचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. आगातीनाही क्षणभर विरघळली आणि स्वतःवरच चिडली.

आठवी ओळ संपली तसा गास्पारेने मोबाइल खिशात टाकला. "चला, वाजवा रे!"

"आणि पुढचं?" नुंझियाने वाकून विचारलं.

"पुढचं कसलं? मोबाइलवर एवढंच फिरतं. बाकीचं रटाळ, आजकाल कोण ऐकतंय?"

आठ ओळींत बाईचं रूप आणि शेवटच्या सहांत पुरुषाचं वचन, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

समोरच्या बाल्कनीतून म्हाताऱ्या सारीना आजीने नववी ओळ धरली. तुझे केस पिकतील तेव्हा मी जवळ असेन. मग न्हाव्याने साथ दिली, मग व्हिडिओ काढणाऱ्या पोरींनीसुद्धा. तू तापाने फणफणलीस तर पाणी मी देईन. माझी वाट पाहत बसायची वेळ तुझ्यावर येणार नाही. सगळ्यांना पाठ होतं. एकटा गास्पारे तोंड मिटून उभा होता.

"आता तू म्हण," नुंझिया म्हणाली.

"चारचौघांत तमाशा करू नकोस. दिवा लाव."

"शेवटची ओळ तरी म्हण."

"बघू नंतर."

आगातीनाचा नवराही आठव्या ओळीवरच थांबला होता. तेव्हा गल्ली हसली होती आणि तिने लाजत दिवा लावला होता. इतकी वर्षं ती त्या बिचाऱ्या कवितेला शिव्या घालत आली होती, आणि कवितेने तर काय मागून घ्यायचं ते सगळं सांगून ठेवलं होतं! न मागणारी ती स्वतः, न देणारा तिचा नवरा.

नुंझियाने बटणावरचा हात काढला. तिचे डोळे वाहत होते.

"अगं, दिवा!" गास्पारे खालून ओरडला. "लावतेस ना?"

"बघू," नुंझिया म्हणाली, आणि आगातीनाने खिडकी अशी आपटली की ताटातली सगळी बिस्किटं जमिनीवर पडली.