सोमवारी घेतलेली नावं

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. ग्रामपंचायतीच्या आवारात, सार्वजनिक नळाच्या शेजारी, एका लोखंडी खांबाला मला तारेने आवळून बांधलेलं आहे. तोंड मोठं, मान बारीक आणि पोटात काहीच नाही, असा माझा बांधा. माझ्यात कोणी काही बोललं की ते दसपटीने मोठं होऊन बाहेर पडतं. माझं स्वतःचं असं एक वाक्यही मी आजवर बोललेलो नाही. आज पहिल्यांदाच बोलतो आहे, आणि तेही मान खाली घालून. खांबाला बांधलेल्याला मान खाली घालता येत नाही म्हणा, पण तुम्ही तसं समजून घ्या.

नगरच्या एका दुकानात मी टांगलेला होतो. लग्नाच्या मांडवात जाईन, मिरवणुकीत वाजेन, गाणी गाईन, अशी माझी स्वप्नं. पण आमच्या ग्रामपंचायतीने मला विकत घेतलं आणि राहुरीच्या पुढच्या, मुळा धरणाच्या कालव्यावरच्या या गावात आणून उभं केलं. इथले शिपाई बाबाजान. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या टोपीचे. माईकवर बोटाने टकटक करायची, घसा खाकरायचा आणि मगच बोलायला लागायचं, ही त्यांची पद्धत. नळाला पाणी कधी सुटणार, रेशन कधी आलं, शेतीला कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी, पोलिओचा डोस कुठे, कोणाची शेळी हरवली, हे सगळं त्यांनी माझ्याकडून गावाला सांगितलं. हरवलेली शेळी माझ्यामुळे घरी आली की मला फार बरं वाटायचं. गाणी राहिली ती राहिलीच.

माझ्या आयुष्यात कौतुकाचा दिवस आला तो बिबट्यामुळे. आमच्याकडे उसात बिबटे फार. एका संध्याकाळी बाबाजान धावत आले, टकटक न करताच माईक हातात घेतला आणि ओरडले, "मळ्यातल्या समद्या लोकांनी घरात जा! वरच्या उसात बिबट्या हाय! पोरांना आत घ्या!" त्या संध्याकाळी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढे वनखात्याने पिंजरा लावून बिबट्याला धरलं आणि गाडीत घालून नेलं. त्याला पार अकोले तालुक्यातल्या डोंगरात सोडलं म्हणतात. सरपंच बजरंगतात्यांनी भर ग्रामसभेत माझं नाव काढलं, मला नवी तार बसवली आणि पुसूनही घेतलं. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, बरेच दिवस फुगलेला होतो.

त्या कौतुकातूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या गावात विजयमाला म्हणून एक भाजीवाली आहे. नवरा नाही. स्वतःच्या बांधावरची मेथी-कोथिंबीर ती राहुरीच्या बाजाराला नेते. कारभारी नावाचा टेम्पोवाला बाजाराच्या दिवशी बायांची आणि त्यांच्या भाजीच्या पाट्यांची ने-आण करायचा. काही वर्षांपूर्वी बाजारातून परतताना बाकीच्या बाया वाटेत उतरल्या आणि टेम्पोत विजयमाला एकटी राहिली. कालव्यावर त्याने गाडी थांबवली. तिथे तो कसा वागला ते मी सांगणार नाही. तिने ते पोलिसांना आणि कोर्टाला सांगितलं आहे, तेवढं पुरे. पाट्या तिथेच टाकून ती चालत घरी आली आणि सकाळी एकटी पोलिस ठाण्यात गेली. खटला चालला, कारभारीला शिक्षा झाली, त्याने ती तुरुंगात भोगली. या साऱ्यात मला कोणी तोंड उघडायला लावलं नव्हतं. विजयमाला पुन्हा बाजाराला जायला लागली. बाया तिच्याकडे मेथी घ्यायच्या आणि भावावरून भांडायच्या. भांडण ही बरी गोष्ट असते, भांडताना माणूस माणसाला माणूसच समजतो.

शिक्षा संपवून कारभारी गावात परतला, तेव्हा ग्रामसभा भरली. तात्या उभे राहिले. तात्या वाईट माणूस नाहीत. त्यांना नाती आहेत आणि त्यांची काळजी खरी होती. ते म्हणाले, "बिबट्या आला तर आपन कर्ण्यावर सांगतो का न्हाई? मंग ह्यो दोन पायांचा आलाय. बायाबापड्यांना कळाया नको?"

खतं-बियाण्यांच्या दुकानाचे मालक पुढच्या रांगेत बसले होते. सगळ्यांत आधी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, मग ओमचंही नाव घ्या. ओम हा गावातला वायरमन. त्याच्यावर असाच खटला झाला होता आणि कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं होतं. तसं एकाने सांगूनही पाहिलं. पण मागून आवाज आला, "सोडलं म्हनून काय झालं, केस तर झालती ना?" आणि ओमचं नावही ठरलं. विजयमाला त्या दिवशी बाजारात होती. तिला विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नाही.

तेव्हापासून दर सोमवारी, पाण्याची वेळ सांगून झाली की बाबाजान म्हणायचे, "गावातल्या समद्या माताभगिनींना कळवन्यात येतं की खालील इसमांपासून सावध राहावं." आणि दोन नावं. मित्रांनो, मला एकच आवाज आहे, मोठा. ज्याने गुन्हा केला त्याचं नाव आणि ज्याने केला नाही त्याचं नाव मी सारख्याच आवाजात घेतलं. शिक्षा भोगून झालेली की व्हायची आहे, दहा वर्षांपूर्वीचं की कालचं, हे मला सांगता येत नाही. मला फक्त ओरडता येतं.

ओमला लोक घरात घेईनात. फ्यूज उडाला तर अंधारात बसायचे, पण त्याला बोलवायचे नाहीत. कारभारीचा टेम्पो बंद पडला, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि एक दिवस तोही दिसेनासा झाला. कोणी म्हणे बेलापूरकडे आहे, कोणी म्हणे वीटभट्टीवर. गावात होता तेव्हा शंभर डोळे त्याच्यावर होते. आता तो कोणत्या गावात, कोणाच्या बायाबापड्यांच्या शेजारी राहतो, हे कोणालाच ठाऊक नाही. यात कोण सावध झालं ते मला आजही कळलेलं नाही. तरी मी सोमवारी त्याचं नाव घेतच होतो.

आणि विजयमाला? बिबट्या कोणावर झडप घालून गेला, हे पुढच्या सोमवारी कोणी आठवत नाही. माणसाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न येतो तो हाच, कोणाच्या बाबतीत? आमच्या गावात नवीन सुना येतात, बदलीवर शिक्षक येतात, ऊसतोडीला टोळ्या येतात. माझा आवाज ऐकून ते विचारायचे, आणि गाव हळूच बोट दाखवायचं. मी कारभारीचं नाव घ्यायचो आणि लोक विजयमालाकडे बघायचे. बाया तिच्याशी भावावरून भांडेनाशा झाल्या. सांगेल त्या भावाला मुकाट्याने घ्यायच्या, तिच्या हाताला हात न लावता. सोमवारी ती नळावर येईनाशी झाली. माझं तोंड थेट तिच्या घराकडे आहे.

एका दुपारी ती पंचायतीत आली. बाबाजान माझ्या खांबाखाली बसले होते.

"बाबाजानभाऊ, मी त्याला माफ केलेलं न्हाई," ती म्हणाली. "मरेस्तोवर करनार न्हाई. पन गुन्हा त्यानं केला, शिक्षा त्याला झाली. तुमी दर सोमवारी बलावता कुनाला? मलाच ना? मी इसरायला बसते अन् तुमी आठवन करून देता."

बाबाजान खाली बघत म्हणाले, "ताई, माझ्या हातात काय हाय? मी नुसता बोलनारा. ठराव गावाचा हाय."

ती निघून गेली. मीही तेव्हा मनात तेच म्हणालो होतो, की मी नुसता वाजणारा. आम्ही दोघांनी एकमेकांच्या आडोशाला उभं राहून घेतलं. ते आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं, आणि तोंड तर केवढं मोठं दिलं आहे मला.

बाबाजानची मुलगी अरफा. बी.कॉम. झालेली, हुशार, बडबडी. खतं-बियाण्यांच्या त्याच दुकानात ती हिशेबाला जायची. एकाएकी तिने जाणं सोडलं. बाप विचारायचा तर डोकं दुखतं म्हणायची. डबा घेऊन पंचायतीत यायची आणि न बोलता ठेवून जायची. एकदा ती डबा ठेवून निघाली आणि नळावर विजयमाला हंडा भरत होती. विजयमालाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हंडा तसाच भरत ठेवून तिच्याजवळ आली. म्हणाली, "कोन गं? दुकानातला मालक का?"

अरफाने होय म्हणून मान हलवली. मग नळाच्या कट्ट्यावर बसून ती रडली. हंडा भरून पाणी वाहून जात होतं.

बाबाजान आतून बाहेर आले ते तिचं रडणं ऐकून. बापाला पाहून ती डोळे पुसून उठायला लागली. विजयमालाने तिचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "सांग बापाला." अरफाने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण बापाला तेवढं पुरलं. ते खांबाला टेकले. त्यांच्या पाठीचा भार माझ्या तारेपर्यंत पोहोचला.

"मला आधी का न्हाई सांगितलंस, बेटा?"

"कसं सांगू, अब्बा?" ती म्हणाली. "तक्रार केली की सोमवारी त्याचं नाव येनार. त्याचं नाव आलं की समदे इचारनार, कुनाची पोरगी? अन् ते नाव घेनारे तुमीच."

मित्रांनो, त्या दुकानाची बियाण्यांवरची सवलत मी गेल्या हंगामात घसा फोडून सांगितली होती. टाळ्या वाजवणारा पहिला हात त्याचाच होता. गावाला मी दर सोमवारी दोघांपासून सावध करत होतो, आणि ज्याच्यापासून सावध व्हायला हवं होतं तो माझ्याच आवाजाआड सुरक्षित बसला होता. त्याला पक्कं ठाऊक होतं की हा कर्णा इथे आहे तोवर कोणतीही मुलगी तोंड उघडणार नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. हरवलेल्या शेळ्या, पोलिओचे डोस, बिबट्या, सगळं त्या लाजेत बुडालं.

सोमवार आला. बाबाजाननी टकटक केलं, घसा खाकरला, पाण्याची वेळ सांगितली. मग थांबले. गाव नावांची वाट पाहू लागलं. "माझ्या घरात..." ते बोलायला लागले आणि त्यांनी जीभ आवरली. पुढचा एक शब्दही लेकीला गावासमोर उभं करणारा होता. बापाला आपलं दुःखसुद्धा माझ्यातून सांगता येईना. चालू माईकसमोर ते नुसते बसून राहिले, आणि त्यांचा श्वास मी सगळ्या गावाला ऐकवला. शेवटी त्यांनी बटण बंद केलं. नावं घेतली नाहीत.

तात्यांनी ग्रामसभा बोलावली. शिपायाने ठराव मोडला, म्हणून. या वेळी विजयमाला आली होती आणि पुढे बसली होती. ती उभी राहिली.

"बाबाजानभाऊंना काय बी बोलू नका, मला इचारा. ही नावं माझ्यासाठी घेता ना? मंग मला न इचारता का घेता? ज्याला कोर्टानं सोडलं त्याचं नाव आपल्या तोंडात येताच कामा नये. ज्यानं शिक्षा भोगली त्याच्यावर नजर ठेवायची तर पोलिसांनी ठेवावी, त्यांच्याकडं नोंद असती. तो कुठं ऱ्हातो, काय काम करतो, ते त्यांना ठावं पायजे. किती वर्सं ठेवायची ते बी ठरलेलं पायजे. कायदा करनाऱ्यांना सांगा हे, कर्ण्याला नगा सांगू. अन् तात्या, एक सांगा. तुमच्या नातीला उद्या कुनी तरास दिला, तर ह्यो कर्णा बघून ती तुमाला सांगंल का?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. नंतर हळू आवाजात म्हणाले, "न्हाई सांगनार." पुढच्या रांगेतले दुकानमालक उठून गेले. ते का गेले, हे सभेत बाबाजान आणि विजयमाला या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही.

ठराव रद्द झाला. ओमचं नाव चुकीने घेतलं गेलं, हे मात्र बाबाजाननी माझ्यातून तीन सोमवार सांगितलं. तरी त्याला अजून सगळे घरात बोलवत नाहीत. मोठ्याने घेतलेलं नाव परत घेता येत नाही, हे मला आता कळलं आहे. शेजारच्या दोन गावांनी आमचं पाहून असाच ठराव केला म्हणतात. मी काय करू शकतो?

आज सकाळी अरफा पोलिसांत तक्रार द्यायला निघाली. सोबत बाप होता आणि विजयमाला. पंचायतीसमोरच बस थांबते. बस येईपर्यंत अरफाने ओढणी सारखी केली आणि वर माझ्याकडे पाहिलं. मग बापाला विचारलं, "अब्बा, माझं नाव बाहेर येनार न्हाई ना?"

बाबाजान म्हणाले, "कायदा तर तसाच हाय, बेटा." आणि तेही माझ्याकडे बघायला लागले.

मित्रांनो, त्या मुलीला मी उत्तर देऊ शकलो नाही. माझ्या अंगावर बटण नाही. ते खाली असतं, माणसांच्या हाताशी. आता तर तुमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात माझ्याहून मोठा कर्णा आहे. त्यावर कोणाचं नाव ओरडण्याआधी तुम्ही एकदा तरी विचाराल का, की ते ऐकून घराबाहेर पडायचं कोण थांबणार आहे? मी पुसलेला, चकचकीत नसलो तरी चालेल. मला गंज चढू द्या. पण अरफा त्या बसमधून परत येईल तेव्हा मला गप्प ठेवा.