दुसरीच्या नावाला ओ

या पोरीला वळण नाही, असं मास्तरीणबाईंचं नातीबद्दल ठाम मत होतं, आणि ते त्या दिवसातून चारदा तरी बोलून दाखवत. जेवायला बोलावलं तर वहीतून डोकं वर निघायचं नाही. रविवारी दुकान बंद म्हणून जरा अंग टाकावं, तर ही मित्रमैत्रिणी गोळा करून खाली दुकानातलं कापायचं टेबलच अडवून बसायची. आणि हट्टी तर अशी, की एकदा 'नाही' म्हणाली की प्रत्यक्ष ब्रह्मदेवानेही हात टेकावेत.

"कोणावर गेलीय कोण जाणे," सून म्हणायची.

"माझ्यावर तर नाहीच," मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि अख्खं घर भिंतीकडे बघून हसायचं.

मास्तरीणबाई शाळेत गेल्या तिसरीपर्यंतच. पण हातात कात्री आली की भल्याभल्यांना शाळा शिकवायच्या. शाळांचे, इस्पितळांचे, हॉटेलांचे गणवेश त्यांच्याकडे शिवले जात. दुकानाच्या बोर्डावर नाव होतं ते मात्र धाकट्या बहिणीचं. गिऱ्हाइकं त्याच नावाने हाक मारायची आणि मास्तरीणबाई खुशाल ओ द्यायच्या. "बहिणीवर जीव असावा तर असा!" लोक म्हणायचे. मास्तरीणबाई नको नको म्हणत ते कौतुक पदरात पाडून घ्यायच्या.

त्या रविवारी टेबलाभोवती तिघं होती. नात, तिची एक चष्मेवाली मैत्रीण आणि एक लंबू, जो बिस्किटं खायलाच जन्माला आला असावा. मास्तरीणबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून डॉक्टरांच्या कोटांना हाताने काजं करत होत्या. कान अर्थातच टेबलाकडे.

"नुसतं बोलताय की खेळताय?"

"बोलणं हाच खेळ आहे आजी," नात म्हणाली. "प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. हे सगळं घडतं आकाशात तरंगणाऱ्या एका बंदरात."

"म्हणजे नाटक."

"नाटकात संवाद लिहिलेले असतात. इथे फक्त जग ठरलेलं असतं. सात जाडजूड पुस्तकं आहेत त्या जगाची. आपलं माणूस आपण रचायचं, त्याचं मागचं सगळं, अगदी जन्मापासून. पण ते पुस्तकांशी जुळलं पाहिजे."

"असं सांग ना मग. तयार कोटाला नवी बाही लावायची."

"तस्संच!"

"आणि काखेत ओढली तर?"

"तर ही खेळाबाहेर," चष्मेवाली म्हणाली. ती खेळाची सूत्रधार. नातीचं माणूस तिने दोनदा परत पाठवलं होतं. आजही जुळलं नाही, तर सहा महिन्यांचा खेळ नातीला सोडून सुरू होणार होता. पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती ती यापायी.

नातीने घसा साफ केला आणि वाचायला लागली. तिची बाई आकाशात घालायचे पोशाख दुरुस्त करायची. दोघी बहिणी, घरात दारिद्र्य. धाकटीला बंदरातल्या शिवणशाळेत जागा मिळाली, पण तिला शिवणाची आवड नव्हती. तिने ती जागा आनंदाने मोठीला दिली. मोठी नावारूपाला आली, तरी उपकार विसरली नाही. आपल्या कारखान्याला तिने धाकटीचंच नाव दिलं.

"अगं, ही तर माझी गोष्ट!" मास्तरीणबाईंचा ऊर भरून आला.

"मग कोणाची असणार?" नात मान न वळवता म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

चष्मेवालीने कपाळाला आठ्या घातल्या. "छान आहे गं. पण अडतंय. तिसऱ्या पुस्तकात स्पष्ट दिलंय की बंदरात आपली जागा दुसऱ्याला देताच येत नाही. भोंग्यावर नाव पुकारतात. जिचं नाव तिनेच ओ द्यायची. ओ आली नाही तर जागा रद्द. मग मोठी तिथे पोचली कशी?"

"धाकटीने सांगितलं असेल ना कोणाला तरी..."

"चालत नाही. एकच वाट आहे. नाव धाकटीचं पुकारलं आणि ओ मोठीने दिली. धाकटीला पत्ताच नाही."

लंबूने बिस्कीट खाली ठेवलं. "अरे वा! म्हणून कारखान्याला धाकटीचं नाव! मोठीचे सगळे कागदच त्या नावाचे असणार. प्रेमबिम काही नाही, पकडली जाऊ नये म्हणून!"

"कसलं जुळलं!" दोघांनी टाळी दिली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर भर दुपारी लख्ख पडलं. मास्तरीणबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हातातल्या काजाकडे बघतात तो काय, त्याचं तोंडच त्यांनी शिवून टाकलं होतं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्यांच्या तरुणपणी घरी आलेलं ते पत्र धाकटीच्या नावाचं होतं. कापडगिरणीची शिवणशाळा, फुकट शिकवायची, पण सातवी पास मुलगीच हवी. धाकटी सातवी पास होती. पत्र आलं तेव्हा ती तापाने फणफणलेली. मास्तरीणबाईंना पत्र वाचता येत नव्हतं, पण बहिणीचं नाव ओळखता येत होतं. पत्र आणणाऱ्या पोस्टमनलाच त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं, घडी घालून पोलक्यात खुपसलं, आणि ठरल्या दिवशी शाळेच्या दारात नाव पुकारल्यावर हात वर केला. धाकटीला सांगितलं, तुझं पत्र आलंच नाही, मी माझ्या ओळखीने चाललेय. पुढे प्रमाणपत्र मिळालं ते त्याच नावाचं, दुकानाचा परवानाही त्याच नावाचा. मग बोर्डावर दुसरं काय लिहिणार? धाकटीने जागा दिल्याची आणि तिच्यावर जीव असल्याची गोष्ट नंतर रचली. दहा वेळा सांगितल्यावर स्वतःलाही पटायला लागली.

धाकटी इस्पितळात चादरींच्या घड्या घालून म्हातारी झाली. वर्षातून दोनदा यायची, पण दुकानाचा उंबरठा ओलांडायची नाही. बोर्डाखाली उभी राहून "ताई" म्हणून हाक मारायची. "मानी आहे मेली," असं मास्तरीणबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

"नाही," नात म्हणाली.

"अगं, पण किती भारी गोष्ट होतेय!"

"नाही म्हणजे नाही. ही माझ्या आजीची गोष्ट आहे. माझी आजी चोर नाही."

"खेळ आहे हा, बाई."

"खेळातसुद्धा नाही. नियम बदला, नाहीतर मला नका घेऊ."

"पुस्तक कसं बदलणार?"

"मग नका घेऊ." तिने वही मिटली. ओठ घट्ट दाबलेले, डोळे काठोकाठ भरलेले. आठ दिवस जिच्यासाठी जेवली नव्हती ती जागा तिने झटक्यात सोडली होती, आणि कोणासाठी!

मास्तरीणबाईंना गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघवेना. कोणी कधी शिव्या दिल्या तर त्यांनी सव्याज परत केल्या होत्या. हा विश्वास परत कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं.

"वही उघड," त्या म्हणाल्या.

"आजी, तू नको ना मध्ये..."

"उघड म्हणते ना! लिही. त्या मोठीला टेपवरचा पाव इंच वाचता येत नव्हता. दोरीला गाठी मारून मापं घ्यायची. शिकवणारे विचारायचे, सातवी पास मुलीला एवढं कसं येत नाही? ती म्हणायची, डोळे अधू आहेत. दोन वर्षं आंधळ्याचं सोंग केलं तिने."

नातीची पेन्सिल दोन ओळी धावली आणि थांबली.

"पण आजी, सातवी तर धाकटी आजी झाली होती. तू तिसरी..."

लंबू उगाचच बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचू लागला. चष्मेवालीने चष्मा काढून हातात धरला. "जुळतंय," ती पुटपुटली, पण या वेळी टाळी कोणी मागितली नाही.

"धाकट्या आजीला माहीत आहे?" नातीने विचारलं.

"तिला बोर्ड वाचता येतो."

नातीची नजर चुकवायला मास्तरीणबाईंनी मांडीवरचा कोट उलटा केला, सुलटा केला. मग तो बाजूला ठेवून उठल्या, टेबलाजवळ आल्या आणि तिच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखा चढवायचा होता, तो चढला नाही.

"वळण नाही म्हणत होते ना मी तुला? वळण आहे. माणसासाठी हट्ट करावा तर तुझ्यासारखाच. फक्त तो तू चुकीच्या बहिणीसाठी केलास."