सात नंबरची किटली

मित्रांनो, मी एक जुनी मातीची किटली आहे. चहाची नव्हे, काढ्याची. एवढं एक सोडलं तर माझ्या आयुष्यातलं फारसं काही मला नीट कळलेलं नाही, हे आधीच कबूल करते. तुम्ही हुशार आहात. ऐकून काही उलगडलं तर मलाही सांगा.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. पोट गोल, तोंड रुंद, एका बाजूला आखूड नळी आणि मूठ आतून पोकळ, म्हणजे धरणाऱ्याचा हात भाजू नये. भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं, आता आपण कुठल्या तरी स्वयंपाकघरात सुखाने नांदणार. पण मला नेलं एका बाईंनी. त्या ॲक्युपंक्चर करत आणि चिनी औषधी मुळ्यांचे काढे देत. सगळे त्यांना सुईवाल्या बाई म्हणत. त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा. एका खोलीत पडदे लावलेल्या तीन खाटा, दुसरीत छतापर्यंत पोचणारं लहान लहान खणांचं लाकडी कपाट. या मुळ्या धातूच्या भांड्यात उकळायच्या नसतात असं बाईंचं म्हणणं, म्हणून त्या रोग्यांना घरी न्यायला मातीच्या किटल्या देत. काढ्याचे दिवस संपले की किटली परत. माझ्या बुडावर त्यांनी पांढऱ्या रंगाने सात आकडा काढला आणि मी सात नंबर झाले.

बाई कामाला चोख होत्या. सुईचं पाकीट रोग्याच्या डोळ्यांदेखत फोडायच्या आणि वापरलेली सुई थेट लाल डब्यात टाकायच्या. एकाची सुई दुसऱ्याला कधी लागली नाही. मुळ्यांच्या पुडीबरोबर त्या एक चिठ्ठी द्यायच्या, त्यात कुठली मुळी किती ते लिहिलेलं असे. "ही चिठ्ठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा," असं त्या प्रत्येकाला बजावत. लोक मान डोलवत, आणि घरी गेल्यावर चिठ्ठी कुठल्या तरी खणात गडप होई. असं का, ते मला कधीच कळलं नाही.

पहिल्यांदा मी गेले गाण्याच्या शिक्षिकेकडे. तिला दोन महिने खोकल्याने हैराण केलं होतं. पंधरा दिवसांत तिचा आवाज मोकळा झाला आणि तिने माझं केवढं कौतुक केलं! मला धुऊन-पुसून खिडकीत ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं. मी फुगून गेले. पण त्याच पंधरा दिवसांत तिने घशाच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि गाणंही बंद ठेवलं होतं. मग खोकला कुणी घालवला? गोळ्यांनी, गप्प बसण्याने, की मी? मी पुष्कळ विचार केला. डोकं नाही म्हणून दुखलं नाही, एवढंच.

पुढच्या घरी उलटंच झालं. तिथल्या मावशींनी स्वतःसाठी दिलेला काढा शेजारणीला वाटीभर पाजला, का तर तिचीही कंबर दुखत होती. शेजारणीच्या अंगावर गांधी उठल्या, दोन दिवस ती खाजवून बेजार. सगळा राग निघाला माझ्यावर. मावशींना ज्या पाण्याने बरं वाटलं, तेच शेजारणीला का बाधलं, हे कोडं घेऊन मी दवाखान्यातल्या कपाटावर महिनाभर धूळ खात पडले.

मग आले घड्याळकाका.

ते घड्याळं दुरुस्त करणारे जुने कारागीर. दुकान मुलाला दिलं होतं, पण घरच्या खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून काम चालूच होतं. उजवा खांदा आखडला आणि हात छातीच्या वर जाईना, म्हणून ते बाईंकडे आले. बाईंनी फॉर्म पुढे केला. 'सध्या चालू असलेली औषधे' या ओळीपाशी काका क्षणभर थांबले आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'काही नाही.' मी तेव्हा त्याच टेबलावर होते. मी म्हटलं, वा, निरोगी माणूस आहे.

त्यांच्या घरी गेल्यावर माझा पहिला गोंधळ उडाला. काका रोज सकाळी एक छोटी गोळी घेत. बोलण्यातून समजलं की त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ती गोळी जन्मभराची होती. मग 'काही नाही' का लिहिलं? माझ्या आधी ते गोळी विसरायचे. आता त्यांनी युक्ती काढली. काढा गाळून झाला की त्यांच्या सूनबाई मला धुऊन, सुकवून फळीवर ठेवत, आणि काका गोळ्यांची पट्टी गुपचूप माझ्या पोटात टाकत. सकाळी झाकण उघडलं की आधी हाताला पट्टी लागे. गोळी घ्यायची, मग मला चुलीवर ठेवायचं.

"बाईंना गोळीचं सांगितलंय ना, बाबा?" सूनबाईंनी एकदा विचारलं.

"हो हो," काका भिंगातून नजर न काढता म्हणाले. काम चालू असलं की ते कशालाही हो म्हणत.

आठवड्याभरात सुया टोचलेल्या जागी काळेनिळे डाग दिसू लागले. मग दात घासताना रक्त आलं. मी मात्र रोज मनापासून उकळत होते. आपलं काम नीट करावं, एवढंच मला कुंभाराने शिकवलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी काका टेबलावर वाकले होते. समोर पांढऱ्या कापडावर एका घड्याळाचे सुटे भाग मांडलेले. अचानक त्या कापडावर लाल थेंब पडला, मग दुसरा. नाकातून रक्त येत होतं आणि ते थांबेना. सूनबाईंनी त्यांना पुढे वाकवून नाक दाबून धरलं. भिंतीवरच्या घड्याळाने अर्धा तास पुढे ढकलला तेव्हा कुठे धार थांबली. मला फार भीती वाटली, मित्रांनो. फळीवरून मला फक्त ते कापड दिसत होतं.

सूनबाईंनी मला उचललं, झाकण दोरीने बांधलं, काकांना रिक्षात घातलं. थेट सुईवाल्या बाईंचा दवाखाना गाठला आणि मला टेबलावर आपटलं.

"हे तुमचं भांडं. आणि हे तुमच्या सुयांचे डाग. आज यांच्या नाकातून अर्धा तास रक्त वाहिलंय."

बाई घाबरल्या, पण त्यांनी मला उचलून पाहिलं. माझ्या पोटात काहीतरी खडखडलं. दोरी सोडून त्यांनी पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. त्यांचा चेहराच उतरला.

"ही कुणाची?"

"माझीच," काका म्हणाले. "विसरू नये म्हणून त्यात ठेवतो."

"काका, ही रक्त पातळ करणारी गोळी आहे. मी दिलेल्या मुळ्यांतली एक या गोळीचा जोर वाढवते. गोळी माहीत असती तर मी ती मुळी दिलीच नसती. सुयाही आधी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच लावल्या असत्या. फॉर्मवर तुम्ही काही नाही असं लिहिलंत."

"बाबा, तुम्ही सांगितलंच नाही?" सूनबाई त्यांच्याकडे वळल्या.

 काका हळूच म्हणाले, "आमच्या धंद्यात मी एक शिस्त पाळली. घड्याळ आलं की आधीच्या कारागिराने काय केलं ते ऐकायचंच नाही. ऐकलं की नजर त्याच्याच मागे जाते, खरा बिघाड राहून जातो. वाटलं, बाईंनी कोऱ्या नजरेने बघावं. डॉक्टरांनीही बघावं. म्हणून त्यांनाही काढ्याचं बोललो नाही."

"घड्याळ तुम्ही उघडून बघता, काका," बाई म्हणाल्या. "मला तुम्हाला उघडता येत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं. पण चूक माझीही आहे. डाग दिसले त्याच दिवशी मी पुन्हा विचारायला हवं होतं."

काढा तिथेच बंद झाला. "गोळी मात्र मनाने थांबवू नका, ते डॉक्टरच ठरवतील," असं बजावत बाईंनी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मुळ्यांची चिठ्ठी वाचून दाखवली. डॉक्टरांनी काकांना लगेच इस्पितळात बोलावलं. ते गेले. मी टेबलावर एकटीच. त्यांचं काय झालं हे चार दिवस मला कुणी सांगितलं नाही. किटलीला कोण सांगणार?

पाचव्या दिवशी काका दारात उभे राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच. रक्त फारच पातळ झालं होतं. आणखी आठवडा गेला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

सूनबाईंनी आपटलं तेव्हा माझ्या नळीपाशी तडा गेला होता. आता मी चुलीवर चढू शकत नाही. बाईंनी मला फेकलं नाही. त्यांनी मला फॉर्मच्या शेजारी ठेवलं. नवा रोगी आला की त्याने घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आधी माझ्यात टाकायच्या, मग बाई त्या टेबलावर ओतून एकेक वाचतात. कुणी पोटुशी असली तर तेही तिथेच विचारतात. काका कधीमधी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि 'काही नाही' लिहिणाऱ्याला म्हणतात, "मीही असंच लिहिलं होतं. खिसे तपासा."

मला अजून कळत नाही, मित्रांनो. त्यांच्या जिवावर मीच उठले होते, की मीच त्यांना वाचवलं? खोकला कुणी घालवला, तेही कळत नाही. पण तुमच्या घरी कुणी सुया लावायला किंवा काढा घ्यायला निघालं, तर त्यांच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात द्या, आणि परत आल्यावर काढ्याची चिठ्ठी डॉक्टरांकडे पोचवा. त्यांनी गोळ्या कुठे ठेवल्यात ते नीट शोधा. माझ्यासारख्या एखाद्या भांड्याचं झाकणही उघडून बघा, कारण आम्हाला सगळं दिसतं, पण बोलता येत नाही.